दहाव्याची सोबत

"आत्ता काई ठरवाचं नाही," असं म्हणून मामा उजव्या हाताचं बोट हवेत आडवं धरायचे. जणू समोर दोरी ताणली आहे आणि तिच्या अलीकडं कुणी यायचं नाही. प्रेसचा मालक ओरडला की हे बोट. लग्नपत्रिकेत नवरदेवाचं शिक्षण चुकलं म्हणून गिऱ्हाईक अंगावर आलं की हेच बोट. मुलीचा सासरहून फोन आला आणि बातमी चांगली नसली, तरी तेच. मग ते मागच्या दारानं नळावर जायचे, कोपरापर्यंत हात धुवायचे, तोंडावर पाणी मारायचे आणि भिंतीकडं बघत उभे राहायचे. दहाएक मिनिटांनी परत येऊन म्हणायचे, "हं, बोला आता." तोवर ओरडणारा अर्धा थंड झालेला असे.

एकदा मी विचारलं, "मामा, चहा घेणार का?" सवयीनं बोट वर गेलं. मग स्वतःच हसले. "चहाचं काय ठरवाचं हाय? सांग दोन."

त्यांचं नाव मी लिहिणार नाही, प्रेसमध्ये सगळे त्यांना मामाच म्हणायचे. दारूतून बाहेर पडलेल्यांच्या त्यांच्या मीटिंगमध्ये कुणाचं नाव बाहेर न्यायचं नसतं, असा नियम आहे. आणि त्यांचे पुरेसे नियम मी मोडले आहेत.

अकोल्याच्या जुन्या शहरात एका बोळातल्या प्रेसमध्ये ते कागद कापायचे. कटिंग मशीनचं पातं दोन हात लांब. कागदाची थप्पी सरळ करून आत सारायची, दाब द्यायचा, दांडा ओढायचा. दारू पिणाऱ्या माणसाला या मशीनजवळ कुणी उभं करत नाही. मामांना पूर्वी एका प्रेसमधून त्यासाठीच काढलं होतं. या मालकानं सहा महिने त्यांच्याकडून नुसती पत्रकांची घडी घालून घेतली, हात बघितले आणि मग मशीन दिलं. मी त्यांना ओळखू लागलो तेव्हा त्यांनी सोडून सहा वर्षं झाली होती. पण "सोडली" हा शब्द त्यांना चालत नसे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "आज घेतली नाही." दुसऱ्या दिवशी विचारलं तरी उत्तर तेच.

माझं त्या प्रेसमध्ये सारखं जाणं असायचं, कारण मी पत्रकांतच वाढलो. आमच्या घरात देवघर नव्हतं, पत्रकांची ट्रंक होती. वडील जयंतीला आणि मोर्चाला ती वाटायचे, मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. त्यामुळं माझं मत पक्कं होतं की खरा शब्द चार माणसांत मोठ्यानं म्हटला, की काहीतरी हलतंच.

आमच्या वॉर्डातलं देशी दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून बायांनी सह्या गोळा केल्या, तेव्हा पत्रक मी लिहिलं. मथळा ठळक होता: "दारुड्यांनो, थोडी तरी लाज धरा." दोन हजार छापले होते. मामांनी थप्पी मशीनमध्ये सारली, वरचं पत्रक वाचलं आणि दांड्यावरचा हात काढून घेतला.

"पत्रकवाले," ते म्हणाले. मला ते याच नावानं हाक मारायचे. "लाज कमी होती म्हनून पेत होतो काय मी?"

मी म्हटलं, मग कशासाठी?

"सकाळी उठलो का लाज वाटे. बायकोकडं पाहवत नसे, पोरीकडं पाहवत नसे. ते लाज जावी म्हनून दुपारी घेत जाओ. लाज तं लय होती. तुमी अजून देऊन राहिले."

त्यांनी ती पत्रकं कापली नाहीत. मालकाला सांगितलं, नुकसान माझ्या हजेरीतून घ्या, पण हे माझ्या हातानं नाही. शेवटी मी मथळा बदलला. "दुकान हटवा, माणूस वाचवा" असा काहीसा. तो तितका झणझणीत नव्हता, मला आवडलाही नव्हता. पण त्या दिवसापासून मी प्रेसमध्ये काम नसलं तरी जाऊन बसू लागलो.

तुम्ही त्यांना नुसतं बाहेरून बघितलं असतं तर म्हणाला असता, हा माणूस जरा विचित्रच आहे. शर्टाच्या वरच्या खिशात पेन नसायचं, फुटाणे असायचे. अकरा वाजता आणि चार वाजता ते मूठभर खायचे, भूक असो वा नसो. पोट रिकामं राहिलं की डोकं पहिल्यांदा तिकडंच जातं, असं त्यांचं म्हणणं. घर नदीपलीकडं, सरळ रस्त्यानं दहा मिनिटांचं. पण त्या रस्त्यावर ते दुकान. म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ ते लांबच्या वाटेनं दुसऱ्या पुलावरून फिरून यायचे. मी म्हटलं, सहा वर्षं झाली, अजून त्या दुकानाला भिता? ते म्हणाले, "भेत नाही. वळख हाय जुनी, उगाच नमस्कार कराव लागते."

गुरुवारी संध्याकाळी सातला एका शाळेच्या खोलीत त्यांची मीटिंग असे. ती त्यांनी तापातही चुकवली नाही.

आणि बडनेऱ्याचा बुढा. हा रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस, मामांच्याही आधी कित्येक वर्षं दारूतून बाहेर पडलेला. अमरावतीच्या व्यसनमुक्ती केंद्रात मामा होते तेव्हा यानंच त्यांना धरून ठेवलं होतं. रोज साडेअकराला फोन. मला वाटायचं काहीतरी मोठं बोलत असतील. एकदा कान देऊन ऐकलं.

"काय केली आज?"

"वांगे."

"भरून का रस्सा?"

"रस्सा. तुमी?"

"बायकोनं चवळी देल्ली. खाल्ली मुकाट्यानं."

बस, एवढंच. मी विचारलं, हा तुमचा उपचार? मामा म्हणाले, "जो मानूस काय जेवला ते नीट सांगते, तो बरा असते. ज्या दिवशी मी भाजी सांगाले टाळाटाळ केली, त्या दिवशी बुढा दुपारच्या गाडीनं अकोल्यात." असं दोनदा घडलं होतं म्हणे.

आपल्याकडं दारूपासून दूर राहणाऱ्या माणसाचे लोकांनी दोनच उपयोग ठरवलेत. एक तर त्याला स्टेजवर उभा करायचा, नाहीतर लग्नात ग्लास पुढं करून तपासून बघायचा. मामांनी दोन्ही भोगलं. वरातीत कुणी आग्रह केला की म्हणायचे, "माहा वाटा पेऊन झाला बावा. बाजूवाल्याचाबी पेलो." एका संस्थेनं शाल द्यायला बोलावलं तर गेले नाहीत. "शाल पांघरली का झोप येते. मले जागं राहाचं हाय."

हे सगळं मी बघत होतो, हसत होतो, वहीत लिहून घेत होतो. समजत मात्र नव्हतं. मला वाटायचं, दारूशी लढणं म्हणजे कुणाशी तरी भांडणं.

मग त्यांचे वडील गेले. दर्यापूर तालुक्यातल्या गावात, म्हातारपणानं आणि दारूनं. फोन प्रेसमध्येच आला. मामा नळावर जाऊन आले, फुटाणे खाल्ले आणि बुढ्याला फोन लावला. त्या दिवशी भाजीचं बोलणं झालं नाही. गावी पोचेपर्यंत उशीर झाला, अग्नी धाकट्या भावानं दिला. मामा तिसऱ्या दिवशी परत आले. थोरला मुलगा सुतकाचं घर सोडून गेला म्हणून गावात बोललं गेलं. पण त्या घरात रोज संध्याकाळी दुःखाच्या नावानं बैठक बसायची, तिथं राहणं त्यांना शक्य नव्हतं.

दहाव्याच्या दोन दिवस आधी त्यांनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या गावात एक रीत आहे. नदीकाठी कावळ्यासाठी जे पान वाढतात, त्यावर मेलेल्याच्या आवडीचं ठेवतात. कुणाला विडी, कुणाला जिलेबी. वडिलांच्या पानाशी देशीची बाटली ओतणार, हे ठरलेलंच होतं. आणि ते थोरल्याच्या हातानं करायचं असतं.

"भावाशी बोलनं झालं फोनवर," मामा म्हणाले. "मी म्हनलो, अग्नी तू देल्ला, पानबी तूच ठेव. हो म्हनला तो. मी लांब उभा राहीन. पन त्या दिवशी मले एकटं जाचं नाही, असं बुढा म्हनते. त्याचे गुडघे चालत नाही. तू येशीन काय?"

मी म्हटलं, हे काय विचारणं झालं.

"आयक पहिले. तिथं तू काई बोलाचं नाही. फक्त माह्या संग राहाचं. माहा फोन तुह्यापाशी ठेव, मले मुंडन करा लागन, पान्यात उतरा लागन. साडेअकराला बुढ्याचा फोन येईन, तो तेवढा मले दे. मंग दोनची गाडी, अन् संध्याकाळी मीटिंग." बुढ्यानं त्यांच्यासाठी मीटिंगचा वारही त्या आठवड्यात बदलून घेतला होता.

किती साधं काम होतं बघा. गप्प राहायचं आणि फोन द्यायचा.

सकाळी दर्यापूरला उतरून आम्ही काळीपिवळी जीपनं गावात गेलो. नदीला गुडघाभर पाणी. काठावर पंचवीस-तीस माणसं. मामांनी डोकं भादरून घेतलं, अंघोळ केली आणि ठरल्याप्रमाणं एका बाभळीखाली येऊन माझ्या शेजारी उभे राहिले. ओल्या टकलावर ऊन चमकत होतं. भावानं पान मांडलं. भात, वरण, वडे, विडीचं बंडल. शेजारी पिशवीतून काढून बाटली उभी केली. मामांनी तिच्याकडं पाठ केली आणि नदीपलीकडच्या तुरीच्या वावराकडं बघू लागले. अगदी शांत होते. भावानं बाटली उचललीच होती. एवढ्यात त्यांचे एक चुलते म्हणाले, "मोठ्यालेच बोलवा रे. बापाची आवड त्याच्याइतकी कोनाले मालूम हाय?"

माणसं हसली. वाईट मनानं नाही. मामाही तिकडं पाठ ठेवूनच हसले. दोन मिनिटांत सगळं झालं असतं.

मी बोललो. काय बोललो ते सगळं आठवतं आहे, कारण ते मी पत्रकांतून अनेकदा लिहिलं होतं. मेलेला माणूस पीत नाही. दारूनं मेलेल्याला दारू पाजणं हा त्याचा अपमान आहे. हा माणूस सहा वर्षं मरणाशी झुंजतो आहे आणि तुम्ही त्याची थट्टा करता. एकेक वाक्य खरं होतं. माझा आवाज चढत गेला आणि मला तो चढलेला बरा वाटला, हेही लिहून ठेवतो.

भावाचा चेहरा पडला. गावासमोर, बापाच्या दहाव्याला, एक परका पोरगा त्याला शिकवत होता. "आमी कोनावर जबरदस्ती केली?" तो म्हणाला. "मीच ओतून राहिलो होतो ना. दादा, हा कोन हाय? आडनाव काय याचं?"

आडनाव मी सांगितलं. त्यावर काठावर जी शांतता झाली, ती आपल्याकडं कुणाला समजावून सांगावी लागत नाही. एकजण पुटपुटला की आता यांच्याकडून दहावा शिकायचा राहिला होता. मी त्याच्याकडं वळलो. आता भांडण माझंही झालं होतं.

तिकडं भावानं बाटली खाली ठेवली आणि मागं सरकला. "मी नाही ओतत. थोरला हाय तं थोरल्यानंच करा. बाहेरचे मानसं आनते, मंग हेबी त्यानंच निभावाव."

मामांनी बोट आडवं धरलं. "आत्ता..." एवढंच म्हणाले. पण कावळे वर फिरू लागले होते, चुलते घाई करत होते, दहा मिनिटं द्यायला कुणाकडं नव्हती. ते पुढं गेले. बाटलीचं बूच त्यांनीच फिरवलं. हात लांब धरून, तोंड बाजूला वळवून त्यांनी ती पानाभोवती ओतली. थोडी मनगटावरून ओघळली. ते मागं सरकले आणि लगेच एक कावळा उतरला, वडा घेऊन गेला. "बाप जेवला," म्हणून सगळे मोकळे झाले.

मी हे डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. त्या पुटपुटणाऱ्याशी माझं अजून चालूच होतं. मामा नदीवर जाऊन हात धुऊन आले, वाळू लावून. माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"फोन दे."

"एक मिनिट, मामा," मी म्हटलं.

माझा मुद्दा पुरा व्हायचा होता.

तो झाला तेव्हा मामा शेजारी नव्हते. खिशातून त्यांचा फोन काढला. आवाज मीच बंद करून ठेवला होता, कार्यात वाजू नये म्हणून. बडनेऱ्याहून पाच वेळा फोन येऊन गेला होता. मी लावला. मी कोण ते बुढ्यानं विचारलं नाही, काय झालं तेही विचारलं नाही. म्हणाला, "तो कुठं हाय ते पाह्य आधी. मंग बोल."

ते गावच्या शाळेमागं ओट्यावर बसलेले सापडले. घेतली नव्हती. नुसते बसले होते, उजवा हात गुडघ्यावर उताणा ठेवून. मी फोन पुढं केला. ते बुढ्याशी बोलले, हो, नाही, येतो, एवढंच. गाडीत खिडकीशी बसून हात बाहेर वाऱ्यात धरला होता. "वास जात नाही," एकदा म्हणाले. मी माफी मागायला लागलो तेव्हा मान हलवली.

"तू बोलला ते खरं होतं सारं. पन मी तुले बोलाले नेलं नव्हतं."

अकोल्यात उतरल्यावर म्हणाले, थकलो, मीटिंगला जात नाही, झोपतो. मी अडवायला हवं होतं. त्यांच्या घरी बसायला हवं होतं, नाहीतर शाळेपर्यंत हाताला धरून न्यायला हवं होतं. मी त्यांना दारापर्यंत सोडलं आणि दारूबंदीच्या बैठकीला गेलो. तिथं माझं भाषण होतं.

पाचव्या दिवशी मालकानं हात बघून त्यांना मशीनवरून बाजूला केलं. घडी घालायला पत्रकं पुढं ठेवली. मामांनी दोन-चार घातल्या, तिरक्या आल्या, तशाच ठेवून ते निघून गेले. सरळ रस्त्यानं गेले, हे मालकानं मला नंतर सांगितलं. बुढ्याचा मला फोन आला: तीन दिवस झाले, फोन उचलतो पण काय जेवला ते सांगत नाही. गुडघे धरत, जिने चढत तो अकोल्याला आला. आम्ही दोघं घरी गेलो तेव्हा मामी दारात बसल्या होत्या. त्यांनी सरकून वाट दिली. आतल्या खोलीत मामा भिंतीकडं तोंड करून पडले होते.

पुन्हा अमरावतीचं केंद्र. दीड महिन्यानं भेटायची परवानगी मिळाली, तेव्हा मी गेलो. आवारात सिमेंटचा बाक होता. मामा वाळले होते, डोक्यावर केस पुन्हा आले होते, पण पांढरे. मी पाठ करून आणलेलं सगळं बोललो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"माफी देल्ली," ते म्हणाले. "राग नाही माहा. खरंच नाही. ते काम झालं. आता दुसरं काम हाय."

मी म्हटलं, सांगा.

"तू दिसला का मले तो काठ दिसते. मंग हाताले वास येते. डॉक्टर म्हनते, जे दिसल्यानं तलफ येते, ते काही दिवस समोर नको. तं तू येऊ नको."

"किती दिवस, मामा?"

"मले माईत नाही बाबू. माहा फोन आला तं ये. नाही आला तं येऊ नको."

हे माझ्या भल्यासाठी नव्हतं, मला शिक्षाही नव्हती. त्यांना जगायचं होतं, त्यासाठी जे जे दूर ठेवायचं त्यात मी होतो. मी उठलो. नमस्कार करावा की नाही ते कळेना, तसाच निघालो.

फोन आला नाही. अकोल्याचं घर त्यांनी सोडलं, बडनेऱ्याला बुढ्याच्या गल्लीत खोली घेतली, एवढं मालकाकडून कळलं. आत्ता घेतात की नाही, हे मालकाला ठाऊक नव्हतं. बुढ्याला विचारायची माझी हिंमत झाली नाही. खरं तर विचारायचा हक्कही नाही.

गेल्या महिन्यात अमरावतीच्या बसस्थानकावर मी त्यांना पाहिलं. दुपारची वेळ होती. बडनेऱ्याकडच्या गाडीच्या बाजूला ते बाकावर बसून संत्रं सोलत होते. शर्टाला इस्त्री होती. साल काढून त्यांनी ती मांडीवरच्या कागदावर ठेवली आणि एकेक फोड वेगळी करू लागले. मी वेळापत्रकाच्या फळ्यामागं सरकलो आणि तिथून बघत राहिलो. मला फक्त त्यांचे हात बघायचे होते. ते थरथरतात की स्थिर आहेत, एवढंच. पण मध्ये माणसं येत-जात होती, ऊन डोळ्यांवर होतं, तेवढ्या अंतरावरून कळत नव्हतं. कळण्यासाठी दहा पावलं पुढं जावं लागलं असतं.

मी गेलो नाही. गाडी लागली, ते चढले, मी गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत फळ्यामागंच उभा होतो.